परत आलेल्या माणसाचे घर

देहाचा आजार घेऊन रुग्णालयात गेलेला माणूस बरा होऊन घरी येतो, तेव्हा शेजारीपाजारी शहाळी आणि फळे घेऊन त्याच्या भेटीस येतात. मनाचा आजार घेऊन गेलेला माणूस परततो, तेव्हा त्याच शेजाऱ्यांच्या खिडक्या किंचित उघडतात आणि पुन्हा मिटतात. पहिल्याला विचारले जाते, ‘आता कसे वाटते?’ दुसऱ्याला कोणी काही विचारत नाही. विचारायचे ते त्याच्या माघारी, त्याच्या पत्नीला किंवा आईला विचारले जाते. आजार दोघांनाही झाला, औषध दोघांनीही घेतले. मग परतीच्या स्वागतात एवढा फरक का, आणि ज्या घरात हा दुसरा माणूस परततो त्या घराचे त्याच्याविषयी नेमके कर्तव्य कोणते, हा प्रश्न आम्हांस आज आपल्या कुटुंबांपुढे ठेवावयाचा आहे.

उरण तालुक्यातील मोरा हे बंदराचे गाव. येथून मुंबई गाठायची तर पिढ्यान्पिढ्या लाँचनेच. मोऱ्याहून निघावे, भाऊच्या धक्क्याला उतरावे. कोणाच्या घरी मनाचा आजार उद्भवला, तर त्या धक्क्यावरून पुढे ठाण्याची वाट धरावी लागे. तेथील मनोरुग्णालय १९०१ सालचे. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील रुग्णालयांप्रमाणेच त्याचेही नाव मराठी घरांत दबल्या आवाजात घेतले जाते. मुले भांडताना ते शिवीसारखे वापरतात. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत रेल्वे आली, अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि ठाणे मोऱ्याच्या पुष्कळ जवळ आले. परंतु ठाण्याहून स्वतःच्या घरात परत येण्याची वाट अजूनही पूर्वीइतकीच लांब आहे. ती रुळांनी किंवा पुलाने कमी होणारी नव्हे.

असे का व्हावे? आजाराची संख्या पाहिली तर तो काही क्वचित् घडणारा प्रकार नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे साधारणतः दहा माणसांत एक. रविवारच्या मिस्सेला आपल्या मंदिरातील प्रत्येक बाकावर हा प्रश्न बसलेला असतो. तरीही आपण तो दुसऱ्याच्या घरचा समजतो. याचे एक कारण असे की, मनाच्या आजारात आपल्याला दोषी माणूस शोधल्याखेरीज चैन पडत नाही. मलेरिया झाला तर आपण डासाला दोष देतो. मन बिघडले तर सुनेला, सासूला, अभ्यासाला, कोणाच्या नजरेला, नाहीतर रुग्णाच्याच कमकुवत श्रद्धेला.

या संदर्भात एका संताच्या घराची आठवण करून द्यावीशी वाटते. लिझ्यूच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन यांना उतारवयात मेंदूच्या विकाराने ग्रासले. भ्रम होऊ लागले, ते घर सोडून निघून जाऊ लागले, आणि १८८९ च्या फेब्रुवारीत त्यांना काँ या शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेरेजा नुकतीच, १८८८ साली, कार्मेल मठात दाखल झाली होती. गावातील लोक कुजबुजू लागले की, लाडकी लेक मठात गेली म्हणून बापाचे डोके फिरले. आपल्या गावात जे बोलले जाते तेच तेथेही बोलले गेले! लुई तीन वर्षांहून अधिक काळ त्या रुग्णालयात होते. त्यांच्या मुली सेलीन आणि लिओनी प्रथम तेथेच जवळ राहिल्या आणि पुढे वरचेवर भेटीस जात राहिल्या. १८९२ साली वडिलांना घरी आणले, ते बरे झाले म्हणून नव्हे. ते आता चालू शकत नव्हते, आणि त्यांची काळजी घरी घेणे शक्य होते म्हणून. १८९४ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि त्यांच्या पत्नी झेली या दांपत्याला संतपद दिले. ज्याने आयुष्याची तीन वर्षे मनोरुग्णालयात काढली तो माणूस आज वेदीवर आहे. मनाचा आजार हा श्रद्धेच्या उणिवेचा पुरावा मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वेदीसमोर पती-पत्नी एकमेकांना आजारपणातही साथ देण्याचे वचन देतात. ते वचन देताना डोळ्यांपुढे क्षय असतो, अपघात असतो, म्हातारपण असते. परंतु जोडीदार आपल्याला शत्रू समजू लागेल, रात्र रात्र जागून न घडलेल्या गोष्टींचा जाब विचारील, किंवा महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहील, अशी कल्पना कोणीही केलेली नसते. मग त्या वचनात हे आजारपण समाविष्ट आहे की नाही? ज्याला वचन दिले तो माणूसच बदलला, असे म्हणून ते मोडता येते का?

कायद्याने याचा विचार केलेला आहे आणि तो आपण सहसा समजतो त्यापेक्षा अधिक सूक्ष्म आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील १०९५ वा नियम सांगतो की, लग्नाच्या वेळीच जो मानसिक कारणांमुळे विवाहाची जबाबदारी समजण्यास किंवा पेलण्यास असमर्थ होता, त्याची संमती वैध ठरत नाही. परंतु १९८७ साली रोमच्या रोटा न्यायालयापुढे बोलताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी बजावले की, असमर्थता वेगळी आणि अडचण वेगळी. अडचणीमुळे विवाह शून्य होत नाही. लग्नानंतर उद्भवलेला आजार तर या नियमाच्या कक्षेतच येत नाही. दिवाणी कायद्याचा रोखही फार निराळा नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ख्रिस्ती दांपत्यासाठी वेडसरपणा हे कारण मान्य झाले खरे, पण तो बरा न होणारा आणि सलग दोन वर्षे टिकलेला असला पाहिजे. हिंदू विवाह कायद्याखालील एका प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्किझोफ्रेनिया हे नुसते नाव घटस्फोटास पुरेसे नाही. त्या विशिष्ट माणसात त्या आजाराची तीव्रता किती हे पाहिले पाहिजे. थोडक्यात, धर्मसत्ता आणि न्यायसंस्था दोघीही आपल्याला एकच गोष्ट सांगतात: आजाराचे नाव म्हणजे माणूस नव्हे.

मात्र याच न्यायाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘लग्न लावून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल’ हा आपल्याकडचा जुना उपाय घोर अन्याय आहे. मुलाचा किंवा मुलीचा आजार लपवून स्थळ ठरवणारे आईबाप दोन आयुष्यांशी खेळतात. ज्याला मनाचा आजार होऊन गेला आहे त्याला विवाहाचा अधिकार नाही, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. औषधोपचाराने स्थिरावलेली पुष्कळ माणसे उत्तम संसार करतात. परंतु ज्या प्रीतीचा पाया लपवाछपवीवर घातलेला असतो, तिला पहिल्याच वादळात उभे राहता येत नाही. गोळ्यांची डबी कपाटात लपवून, आणि मग लपवता येईना म्हणून गोळ्याच बंद करून, किती तरी संसार कोसळले आहेत. सत्य आधी सांगितले असते तर कदाचित लग्न मोडले असते. पण जे झाले असते ते टिकले असते.

वचन पाळायचे ठरले. मग ते पाळायचे कसे? येथे केवळ सदिच्छा पुरत नाही, हे पन्नासच्या दशकात लंडनमध्ये एका अनपेक्षित निष्कर्षाने दाखवून दिले. जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या पुरुषांचा मागोवा घेतला, तेव्हा त्याला आढळले की, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्यांपेक्षा आईबापांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांचा आजार अधिक वेळा उलटला. जेथे प्रेम सर्वांत अधिक, तेथेच धोका अधिक! पुढील अभ्यासांतून कारण हळूहळू उलगडले. ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होई, त्याच्याविषयी राग धुमसत असे, ती घरे त्याला जड जात. परंतु ज्या घरांत त्याची अतोनात काळजी घेतली जाई, त्याला क्षणभरही एकटे सोडले जात नसे, तीही तितकीच जड जात. ऐंशीच्या दशकात चंडीगढ येथे असाच अभ्यास झाला, तेव्हा तेथील कुटुंबांत टीका आणि अतिकाळजी यांचे प्रमाण लंडनच्या मानाने पुष्कळ कमी आढळले. आपल्या घरांपाशी काही जुने शहाणपण आहे, असा याचा अर्थ घेता येईल. पण ते आपोआप टिकून राहील असा नव्हे.

या निष्कर्षातून हाती लागणारा नैतिक धडा आम्हांस महत्त्वाचा वाटतो. प्रेमालाही मात्रा असते. पत्नीने पतीच्या प्रत्येक श्वासावर पहारा ठेवला, तर ती हळूहळू पत्नी राहत नाही, परिचारिका होते. आणि तो पती राहत नाही, रुग्ण होतो. रुग्ण आणि परिचारिका यांच्यात कृतज्ञता असू शकते, दया असू शकते. परंतु दांपत्याला जी समानता लागते ती तेथे उरत नाही. म्हणून आजारानंतर प्रीती पुन्हा उभारायची म्हणजे काढून घेतलेल्या जबाबदाऱ्या एकेक करून परत द्यायच्या.

समजा, मोऱ्यातील एका मच्छीमार कुटुंबातील कर्ता पुरुष काही महिन्यांच्या उपचारांनंतर घरी आला आहे. घरच्यांनी त्याच्याकडून पैसे काढून घेतले आहेत, होडीवर पाठवणे बंद केले आहे, मुलांनाही ‘पप्पांना त्रास देऊ नका’ म्हणून दूर ठेवले आहे. हे सारे मायेपोटी. पण त्या माणसाच्या वाट्याला उरले काय? खाट आणि गोळ्या. त्याला पहिल्याच दिवशी समुद्रावर पाठवणे शहाणपणाचे नाही, हे खरे. डॉक्टरांना विचारावे, औषधाने झोप येते का, हात कापतो का ते पाहावे. परंतु किनाऱ्यावर बसून जाळे दुरुस्त करणे, बाजारातून सामान आणणे, मुलीच्या शाळेतील पालकसभेला जाणे, एवढे तर सोपवता येईल. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांची डागडुजी होते. त्या होडीला कोणी निकामी म्हणत नाही. तो काळ कामाचाच भाग समजला जातो. माणसाच्या अशा काळालाही तोच मान का मिळू नये?

जबाबदारी परत देण्यात एक धोका आहे, आणि तो पत्करावाच लागतो: तो माणूस चुकेल. हिशेबात घोळ होईल, एखादे काम अर्धवट राहील. अशा वेळी ‘बघा, पुन्हा सुरू झाले’ हे वाक्य आपल्या ओठांवर येते. ते गिळणे हीच मोठी तपश्चर्या आहे. निरोगी माणूस रागावला तर तो रागावला असे आपण म्हणतो. आजारातून उठलेला रागावला तर त्याची गोळी चुकली असे म्हणतो. ज्याच्या प्रत्येक भावनेला लक्षण समजले जाते, तो शेवटी भावना दाखवणेच सोडून देतो.

आणखी एक अवघड गाठ उरते, ती क्षमेची. आजाराच्या भरात माणूस असे काही बोलून जातो, असे काही करून बसतो, की शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःचे तोंड पाहवत नाही. पत्नीवर घेतलेला संशय, उधळलेली बचत, भर रस्त्यात झालेला तमाशा. याची क्षमा मागावी कोणी? धर्मशिक्षण सांगते की, जेथे जाणीव आणि स्वेच्छा नाही तेथे पापाचा दोष नाही. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ तर आत्महत्येच्या बाबतीतही गंभीर मानसिक विकारामुळे जबाबदारी कमी होते असे म्हणतो आणि अशा मृताच्या तारणाविषयी निराश होऊ नका असे सांगतो. म्हणजे आजारातील कृत्याचा आरोप त्या माणसावर ठेवता येत नाही. पण दोष नसला तरी जखम असते. ज्याला ती झाली त्याचे दुःख खोटे नव्हे. म्हणून ‘विसरून जा, तो आजारी होता’ असे पत्नीला सांगणे जितके क्रूर, तितकेच ‘तू आमचे असे असे केलेस’ असे पतीला रोज ऐकवणे क्रूर. योग्य वाट यांच्या मधून जाते: एकदा, शांत वेळी, दोघांनी बसून जे घडले त्याचे दुःख एकमेकांपुढे मांडावे, आणि पुढे तो विषय शस्त्र म्हणून वापरायचा नाही असे ठरवावे.

बरे झालेल्या माणसाचीही येथे स्वतःची जबाबदारी आहे. आजार त्याने निवडला नव्हता. आता औषध मात्र तो निवडू शकतो. बरे वाटू लागताच डॉक्टरांना न विचारता गोळ्या सोडून देणे ही केवळ बेफिकिरी नव्हे, ज्यांनी वाट पाहिली त्यांच्याशी केलेली प्रतारणा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या बाबतीत एक सुंदर सोय केली आहे. प्रौढ माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो की, पुढे आपला आजार उलटला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. पती-पत्नीने एकत्र बसून असा कागद तयार करणे आम्हांस विवाहवचनाच्या नूतनीकरणासारखेच वाटते. त्यात रुग्ण म्हणतो, ‘माझा तोल जाईल तेव्हा तुझ्यावर विश्वास ठेवण्याचे मी आजच ठरवले आहे.’

अशा प्रीतीची उदाहरणे आपल्या मराठी मुलखात आहेत. मूळचे खानदेशचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात शिकवत. त्यांच्या पत्नीस स्किझोफ्रेनियाने गाठले. घरचे हे दुःख लपवण्याऐवजी त्यांनी ते उघड्यावर आणले, आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली, जेथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून बोलू लागले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने झाला. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळताना स्वतःचा संसार ओढणारी बहीण यांची ती कथा. आमच्या रायगड जिल्ह्यातच, कर्जतला, डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र २००६ पासून काम करते. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणावे, औषध द्यावे, आणि गावाचा पत्ता आठवू लागला की थेट घरापर्यंत पोहोचवावे, हे काम त्यांनी १९८८ पासून चालवले. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोहोचवणे हाच तेथे उपचाराचा शेवटचा टप्पा आहे.

शुभवर्तमानातही असाच एक प्रसंग आहे. गरसेकरांच्या प्रदेशात थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा माणूस शुद्धीवर येतो आणि येशूबरोबर नावेत चढू पाहतो. येशू त्याला सोबत घेत नाही. तुझ्या माणसांकडे घरी जा, असे सांगतो. मनाच्या प्रत्येक आजाराला भूतबाधा समजण्यासाठी हा प्रसंग वापरणे चूक आहे. त्यातील मर्म निराळे आहे: सुटका झालेल्याची खरी परीक्षा घरी आहे, आणि घराचीही. तो गावात परतला तेव्हा त्याच्यासाठी दार कोणी उघडले, हे शुभवर्तमान सांगत नाही. ते उत्तर प्रत्येक गावाने द्यायचे आहे.

येथे एक इशारा दिला नाही तर आमचे म्हणणे अपुरे आणि धोक्याचे ठरेल. साथ देणे म्हणजे मार खाणे नव्हे. जेथे जिवाला भय आहे, मुले भेदरलेली आहेत, आणि दुसरा माणूस उपचाराला सतत नकार देत आहे, तेथे काही काळ वेगळे राहणे हा वचनभंग नव्हे. कित्येकदा तेच दोघांना वाचवते. विशेषतः स्त्रियांना ‘तुझा क्रूस आहे, वाहा’ असे सांगताना आपल्या जिभेने दहा वेळा विचार करावा. क्रूस स्वतः उचलायचा असतो. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून उपदेश करणे ख्रिस्ताने शिकवलेले नाही. सांभाळणाऱ्यालाही झोप हवी, हसू हवे, आठवड्यातून एक दुपार स्वतःची हवी. एलीया भविष्यवादी रानातील झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले.

मग धर्मग्रामाने काय करावे? फार मोठे काही नव्हे. परत आलेल्या माणसाला भेटायला जावे, आणि त्याच्याशीच बोलावे. त्याला वाचनाची, गायनवृंदातील, सणाच्या तयारीतील पूर्वीची जागा परत द्यावी. त्याच्या पत्नीला एक दुपार मोकळी मिळावी म्हणून लहान ख्रिस्ती समूहातील कोणी त्याच्यासोबत बसावे. प्रार्थनेला गोळीची जागा देऊ नये आणि गोळीला प्रार्थनेची. केंद्र शासनाने २०२२ पासून सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मंदिराच्या सूचनाफलकावर लावावा. तो रात्री-अपरात्रीही चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

आजार पुन्हा येईल का, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात रात्री जागा असतो. प्रामाणिक उत्तर असे की, येऊ शकतो. मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ साचतो, आणि मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच लागत नाही. बंदरावरची माणसे वेळापत्रक पाहून ठेवतात, थांबतात, आणि पाणी चढले की निघतात. ओहोटी आली म्हणून बंदर बुडाले असे कोणी म्हणत नाही. मनाच्या आजाराशी संसार करणाऱ्यांना इतकेच शिकायचे असते: पूर्वीसारखे सारे होईल अशी हटवादी आशा सोडून देणे, आणि जे होऊ शकते त्यासाठी रोज थोडे काम करणे. बदललेल्या दोन माणसांनी एकमेकांची पुन्हा ओळख करून घेणे हेही प्रेमच आहे, आणि आमच्या मते ते पहिल्या प्रेमापेक्षा कमी प्रतीचे नाही. कारण पहिल्या वेळी काय वाट्याला येणार हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि आता ते ठाऊक आहे.